गुपितांचा खेळ: ‘आयव्ह गॉट अ सीक्रेट’

अमेरिकेतील सीबीएस या दूरचित्रवाणी जाळ्यावर १९ जून १९५२ रोजी सुरू झालेला आणि १९६७ पर्यंत चाललेला ‘आयव्ह गॉट अ सीक्रेट’ हा कार्यक्रम ‘पॅनेल गेम’ या प्रकारात मोडतो. म्हणजे त्यात नामवंतांचे एक मंडळ पाहुण्याला प्रश्न विचारून त्याच्याविषयीची एखादी गोष्ट ओळखून काढते. अ‍ॅलन शर्मन आणि हॉवर्ड मेरिल यांच्या कल्पनेतून जन्मलेल्या या खेळाची निर्मिती मार्क गुडसन आणि बिल टॉडमन यांनी केली. त्यांच्याच ‘व्हॉट्स माय लाइन?’मध्ये पाहुण्याचा व्यवसाय ओळखायचा असे. येथे व्यवसायाच्या जागी गुपित आले आणि माणसाच्या आयुष्यात जे जे घडू शकते ते सारे खेळाच्या कक्षेत आले.

पाहुणा सूत्रसंचालक गॅरी मूर यांच्या कानात गुपित सांगत असे आणि त्याच वेळी ते प्रेक्षकांना पडद्यावर वाचायला मिळे, त्यामुळे मंडळातील बिल कलन, जेन मेडोज, हेन्री मॉर्गन यांच्यासारखी चतुर माणसे अंधारात चाचपडत असताना घरी बसलेला सामान्य प्रेक्षक मात्र सर्वज्ञ असे. मंडळातील चौघांपैकी जो हरेल त्याच्यामागे वीस डॉलर, म्हणजे जास्तीत जास्त ऐंशी डॉलर एवढेच बक्षीस होते, आणि पैशाला असे दुय्यम स्थान दिल्यामुळेच लक्ष माणसावर खिळून राहिले.

बरीचशी गुपिते निव्वळ गमतीची असत. परंतु त्याच चौकटीत इतिहासाची अस्सल साक्षही नोंदली गेली, हे या कार्यक्रमाचे खरे मोल होय. फेब्रुवारी १९५६ मध्ये आलेले पंचाण्णव वर्षांचे सॅम्युएल सेमूर १४ एप्रिल १८६५ च्या रात्री, पाच वर्षांचे असताना, वॉशिंग्टनच्या फोर्ड्‌स थिएटरात होते आणि अब्राहम लिंकन यांच्या हत्येच्या साक्षीदारांपैकी तेच एकटे हयात होते. लिंकन यांना गोळी लागल्याचे त्या बालकाला उमगलेच नव्हते; सज्ज्यातून खाली पडलेल्या माणसाची, म्हणजे मारेकरी बूथचीच, त्याला काळजी वाटली होती, आणि असा निरागस तपशील कोणत्याही न्यायालयीन जबानीत सापडणार नाही. कार्यक्रमात येऊन गेल्यावर दोनच महिन्यांनी सेमूर वारले. या भागाचे चलच्चित्र आजही पाहता येते.

जुलै १९५७ मध्ये ‘डॉक्टर एक्स’ या नावाने आलेल्या फायलो फार्न्सवर्थ यांचे गुपित असे की, वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांनी इलेक्ट्रॉनिक दूरचित्रवाणीची कल्पना शोधली होती. ज्या यंत्रामुळे हा खेळ शक्य झाला त्याचा जनक समोर बसलेला असूनही मंडळातील एकालाही तो ओळखता आला नाही, यावरून आरसीए या बलाढ्य कंपनीशी पेटंटसाठी झगडलेल्या या संशोधकाची किती उपेक्षा झाली होती ते कळते. नंतरच्या संभाषणात त्यांनी दोन हजार रेषांच्या सुस्पष्ट चित्राची आणि सपाट पडद्याची शक्यता बोलून दाखवली. त्या वेळी अमेरिकेत चित्र ५२५ रेषांचे होते.

१९६० मध्ये संगीतकार जॉन केज यांनी येथे न्हाणीचा टब, झारी, रबरी बदक आणि पाच रेडिओ अशा वस्तूंवर ‘वॉटर वॉक’ ही आपली तीन मिनिटांची रचना सादर केली. रेडिओ कोणत्या संघटनेच्या कामगारांनी जोडायचे या वादामुळे ते चालू करता येईनात, म्हणून केज यांनी चालू करण्याच्या जागी त्यांवर थापा मारल्या आणि बंद करण्याच्या जागी ते टेबलावरून खाली ढकलून दिले. प्रेक्षक मनसोक्त हसले, आणि केज यांना त्याची मुळीच हरकत नव्हती.