लेखकाची फेरी आणि जांगडचा माल

अमेरिकेत किशोर व तरुण वाचकांसाठी कादंबऱ्या लिहिणारा लेखक वर्षातले काही आठवडे लिहीत नाही, विकतो. सकाळी एखाद्या शाळेत भाषण, दुपारी पुस्तकांच्या दुकानात प्रतींवर सह्या, संध्याकाळी वाचकांशी प्रश्नोत्तरे आणि रात्री पुढच्या शहराचा प्रवास. दुरून पाहणाऱ्याला हा मानसन्मानाचा दौरा वाटतो. प्रत्यक्षात तो धंद्याचा हंगाम आहे. माल तयार करणारा आणि तोच माल घेऊन बाजारात उभा राहणारा माणूस एकच असला म्हणजे काय होते, हे त्यात स्पष्ट दिसते. म्हणून आपल्या कारागीर आणि व्यापारी बांधवांनी त्याचा हिशोब समजून घेण्यासारखा आहे.

माल जांगडवर जातो

१९३० च्या दशकातील मंदीत तिथले दुकानदार नवीन पुस्तके भरायला कचरू लागले. तेव्हा प्रकाशकांनी न खपलेल्या प्रती परत घेण्याची सवलत दिली. मंदी सरली, पण सवलत कायम राहिली. आपल्या भाषेत सांगायचे तर बहुतेक माल जांगडवर जातो. दुकानाच्या फळीवर जागा मोजकी असते आणि दर आठवड्याला, बहुधा मंगळवारी, नवी पुस्तके येतात. काही आठवड्यांत उठाव झाला नाही तर प्रती परत निघतात. खिशात मावणाऱ्या स्वस्त आवृत्तीचे तर फक्त मुखपृष्ठ फाडून पुराव्यादाखल परत पाठवतात आणि बाकीचे पुस्तक रद्दीत जाते.

म्हणजे दुकानात पोचलेली प्रत ही विकलेली प्रत नव्हे. गिऱ्हाईक पहिल्या काही आठवड्यांतच दुकानात आले पाहिजे. लेखकाची फेरी असते ती यासाठी. जास्त खपाच्या पुस्तकांच्या याद्याही आठवड्याच्या विक्रीवर ठरतात, आणि आधी नोंदवलेल्या प्रती पहिल्या आठवड्याच्या खात्यात धरल्या जातात. यादीत नाव आले की दुकानदार आपणहून जास्त माल मागवतो.

उचल आणि वळती

लेखकाला प्रकाशकाकडून आधी उचल मिळते. किशोरांच्या कापडी बांधणीच्या पुस्तकावर साधारणपणे छापील किमतीच्या शेकडा १० मानधन असते. किंमत १८ डॉलर धरली तर एका प्रतीमागे १ डॉलर ८० सेंट होतात. उचल १८,००० डॉलर असेल तर १०,००० प्रती खपेपर्यंत सगळे मानधन तिच्यातच वळते होते आणि हाती नवा पैसा येत नाही. शिवाय सौदा जुळवून देणारा एजंट शेकडा १५ घेतो. परतीच्या भीतीने प्रकाशकही मानधनाचा काही भाग राखून ठेवतो.

पुस्तक पडले तरी उचल सहसा परत करावी लागत नाही. पण पुढच्या पुस्तकाच्या वेळी प्रकाशक आणि दुकानदार आधीच्या खपाचा आकडा पाहतात. उचल घटते, प्रतीही कमी मागवल्या जातात. फेरीत लेखक जपत असतो ती पुढच्या सौद्याची पत.

मोठ्या लेखकांचा प्रवास व हॉटेलचा खर्च प्रकाशक करतो, पण त्या दिवसांची मजुरी बहुधा मिळत नाही. असा दौरा थोड्यांच्याच वाट्याला येतो. बाकीचे पदरमोड करून फिरतात. त्यांना आधार शाळांचा. अनेक शाळा भाषणाचे मानधन देतात आणि मुलांकडून पुस्तकांची मागणी आधीच नोंदवून घेतात. फिरण्याचा जोर सप्टेंबर ते नोव्हेंबर असतो, कारण शाळा सुरू झालेल्या असतात आणि नाताळची खरेदी जवळ आलेली असते. २०२० साली महामारीने रस्ते बंद केले तेव्हा हे कार्यक्रम पडद्यावर गेले.

दीड लाख सह्या

जॉन ग्रीन यांचे उदाहरण घ्या. इंडियानापोलिस शहरात राहणाऱ्या या लेखकाने जून २०११ मध्ये जाहीर केले की, ‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’ या कादंबरीच्या पहिल्या छपाईतील प्रत्येक प्रतीवर आपण सही करू. पुस्तक बाजारात यायला सहा महिन्यांहून जास्त अवकाश होता. तरी मागण्यांचा असा ओघ लागला की त्याच महिन्यात ते इंटरनेटवरच्या मोठ्या दुकानांच्या यादीत वर पोचले. पहिली छपाई ठरली १,५०,००० प्रतींची.

सुटे कागद घरी मागवायचे, सही करायची आणि मग ते पुस्तकात बांधले जायचे, अशी पद्धत होती. एका सहीला कागद सरकवण्यासह १० सेकंद धरले तरी एकूण ४१६ तासांच्या वर जातात. रोज आठ तास बसले तर हे ५२ दिवसांचे काम. एवढी रोजंदारी त्यांनी पुस्तक निघण्यापूर्वीच घातली.

१० जानेवारी २०१२ रोजी पुस्तक आले आणि जॉन व त्यांचे बंधू हँक गाडीने शहरोशहरी निघाले. एक वाचन करी, दुसरा गाणी म्हणे, मग दोघे मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देत. कादंबरी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या मुलांच्या पुस्तकांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर आली. २०१४ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला.

आता याची दुसरी बाजू. ग्रीन यांची पुढची कादंबरी ऑक्टोबर २०१७ मध्ये आली, म्हणजे जवळजवळ पावणेसहा वर्षांनी. याला फेरी हे एकच कारण नव्हते. चित्रपट होता, भावासोबतचे इतर उद्योग होते, आणि यशाचे दडपण आल्याचे त्यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितले आहे. त्यांच्या मोठ्या खपाने हा काळ निभावला. मध्यम खपाच्या लेखकाला असा खंड परवडत नाही. विकण्याचे दिवस वाढले की बनवण्याचे दिवस घटतात, आणि पुढचा माल नसेल तर मिळवलेले गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात जाते.

आपण काय घ्यावे?

पहिले, माल तयार होण्याआधी मागणी नोंदवा. त्यावरून किती माल काढायचा हे ठरते. ग्रीन यांच्या सहीने हेच साधले.

दुसरे, जांगडवर दिलेला माल विकला असे खात्यात मांडू नका. परतीसाठी रक्कम राखा.

तिसरे, प्रदर्शनात किंवा पेठेत उभे राहिलेले दिवस मजुरीत धरा. भाडे आणि जेवण सगळेच लिहितात. आपला रोज लिहायचा राहून जातो आणि नफा फुगलेला दिसतो.

चौथे, विक्रीचे दिवस आधीच बांधून घ्या. रमजानच्या शेवटच्या दिवसांत चांगला शिंपी नवीन माप घेत नाही, कारण घेतलेले कपडे वेळेवर द्यायचे असतात. तसेच, किती दिवस फिरायचे आणि कोणत्या तारखेला पुन्हा हत्यार हाती घ्यायचे, हे निघण्यापूर्वी ठरवावे. हंगाम बरा गेला की आणखी चार गावांची बोलावणी येतात. ती घेताना आपल्याकडे पुढच्या हंगामासाठी किती माल तयार आहे, हे आधी मोजावे.