शनिवारची गाडी ईडेलला

इंग्लंडमधल्या शेफिल्डहून निघालेली लोकल अर्ध्या-पाऊण तासात ईडेलला पोचते. गाव अगदी लहान. मागे किंडर स्काउटचं ६३६ मीटर उंचीचं पठार आणि गावातूनच सुरू होणारी २६८ मैलांची ‘पेनाइन वे’ ही पायवाट. शेफिल्ड शहराचा साधारण एक तृतीयांश भाग पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानातच मोडतो. डोंगर इतके जवळ आहेत. तरी आश्रय मागायला आलेल्या माणसाला ते फार दूर असतात.

ब्रिटनमध्ये अशा माणसाला निकाल लागेपर्यंत सहसा नोकरी करता येत नाही. कुठल्या गावात राहायचं, हेही सरकारच ठरवतं. २०२४ मध्ये स्वतः रांधून खाणाऱ्याला आठवड्याला ४९.१८ पाउंड मिळत होते. जेवण, कपडे, फोन, बस, सगळं त्यातच. डोंगर बघायला रेल्वेचं तिकीट कोण काढणार? मग वकील, हजेरीचं ऑफिस आणि स्वस्तातलं दुकान, एवढंच शहर त्याच्या ओळखीचं होतं.

एका दिवसाच्या सहलीचं मोल इथे कळतं. ती नीट आखणारे तिकिटाचे पैसे आधीच भरतात, बूट आणि रेनकोट उसने देतात, डब्यात सगळ्यांना चालेल असं खाणं ठेवतात, लहान मुलांना झेपेल अशी वाट निवडतात. विचारल्याशिवाय फोटो काढत नाहीत, कारण मायदेशी राहिलेल्या नातेवाइकांवर त्याचा राग निघू शकतो. आणि ‘तुम्ही पळून का आलात?’ हा प्रश्न त्या दिवशी कोणी विचारत नाही. तो विचारायला सरकारी मुलाखती आहेतच.

किंडरच्या वाटा सर्वांना सहज मिळालेल्या नाहीत. पूर्वी ही माळरानं जमीनदारांच्या शिकारीसाठी राखीव होती. २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो कामगार बंदी मोडून वर चढले. पाच जणांना तुरुंगवास झाला. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन हा रुमानियाहून आलेल्या ज्यू कुटुंबातला मुलगा. पुढे १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. परक्या देशातून आलेल्यांच्या पोराने ज्या वाटांसाठी शिक्षा भोगली, त्यांवर आजच्या नवागतांचाही तेवढाच हक्क आहे.

दक्षिण इंग्लंडमध्ये ‘रेफ्युजी टेल्स’ हा उपक्रम २०१५ पासून चालतो. गॅटविक विमानतळाजवळच्या केंद्रांत स्थानबद्ध असलेल्यांना भेटणाऱ्या स्वयंसेवकांनी तो सुरू केला. निर्वासित, पूर्वी स्थानबद्ध असलेले आणि स्थानिक लोक दिवसभर एकत्र चालतात, संध्याकाळी कथा ऐकतात. वारीत चालणाऱ्याला वेगळी ओळख सांगावी लागत नाही, तसंच काहीसं. झांझिबारहून निर्वासित म्हणून आलेले, २०२१ चे नोबेलविजेते अब्दुलरझाक गुर्ना यांनीही या उपक्रमासाठी लिहिलं. उपक्रमाची मागणी स्पष्ट आहे: ब्रिटनमध्ये स्थलांतरितांच्या स्थानबद्धतेला कालमर्यादा नाही, ती २८ दिवसांची करा.

सहलीने अर्ज मंजूर होत नाही, हे खरंच. वर्षातून एकदा बस भरून नेली, तर फारसं हातीही लागत नाही. तेच चेहरे पुन्हा पुन्हा भेटले, तरच फोन नंबर घेतले जातात, कोणी डॉक्टरकडे सोबत येतं, कोणाच्या मुलाला क्रिकेटचा संघ मिळतो.

इंग्लंडात नोकरीनिमित्त राहणारे कितीतरी मराठी लोक शनिवार-रविवारी डोंगरात जातात. त्यांनी आपल्या शहरातल्या निर्वासितांसाठी काम करणाऱ्या गटाला एकदा विचारावं: पुढची सहल कधी आहे, आणि आणखी दोन तिकिटं आम्ही काढू का?