अँटवर्पची हिरेपेठ आणि मेखेलनच्या याद्या

अँटवर्पला भाच्याकडे पंधरा दिवस राहण्याचा योग आला, तेव्हा तेथील हिरेपेठ पाहण्याची उत्सुकता मनात होती. शहराच्या देखण्या मध्यवर्ती रेल्वेस्थानकापासून ती चार पावलांवर आहे. अवघ्या तीन-चार गल्ल्या, इमारती अगदी साध्या. काळे लांब कोट आणि काळ्या टोप्या घातलेले ज्यू व्यापारी लगबगीने जात असतात, आणि त्यांच्या शेजारून कानावर येते ती चक्क गुजराती!

या पेठेत हिऱ्यांचा व्यापार पिढ्यान्‌पिढ्या ज्यूंनी वाढविला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पूर्व युरोपातील छळाला कंटाळून ते येथे येत गेले. पालनपूरचे जैन व्यापारी आले ते 1960 नंतर. आज शहराच्या विल्रैक भागात आपले संगमरवरी जिनमंदिरही उभे आहे.

सौदा पक्का झाला की दोघे हात मिळवितात आणि ‘मझल’ म्हणतात. नशीब आणि आशीर्वाद अशा अर्थाच्या हिब्रू शब्दप्रयोगातील हा पहिला शब्द. तो उच्चारला की व्यवहार बांधला गेला. मग घेणारा कोणत्याही धर्माचा असो. शब्द मोडणाऱ्याला बाजाराची दारे बंद होतात. माझी सारी हयात बँकेत गेली. तीन सह्यांखेरीज मी कुणाला कर्ज दिले नाही. त्यामुळे हे ऐकून प्रथम मी थोडासा अस्वस्थच झालो!

याच पेठेतील होव्हेनियर्सस्ट्रात या गल्लीत एक लहानसे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ आहे. 20 ऑक्टोबर 1981 रोजी त्याच्यासमोर बॉम्बस्फोट झाला. तिघे मृत्युमुखी पडले, शंभरावर जखमी झाले. शुक्रवारी दुपारनंतर पेठ ओस पडू लागते. सूर्यास्ताबरोबर त्यांचा शब्बाथ सुरू होतो. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपण्याची आपल्या घरातील घाई मला आठवली.

दुसऱ्या दिवशी आम्ही आगगाडीने मेखेलनला गेलो. तेथील दोसाँ नावाच्या लष्करी बराकीत ज्यूंना कोंडून ठेवीत असत. ऑगस्ट 1942 ते जुलै 1944 या काळात येथून पंचवीस हजारांहून अधिक ज्यू आणि काही शे रोमा लोकांना रेल्वेने पाठविण्यात आले, त्यांतील बहुतेकांना ऑशविट्झला. शंभरातील जेमतेम पाच परतले.

येथे काम कागदाने झाले होते. ऑक्टोबर 1940 मध्ये जर्मनांनी हुकूम काढला आणि नगरपालिकांना ज्यूंची नोंदवही उघडावी लागली. नाव, पत्ता, व्यवसाय, कुटुंबीय. पुढे धरपकडीला या नोंदी उपयोगी पडल्या. अँटवर्पच्या पोलिसांनीही त्या धाडींत हात दिला. 2007 साली तेथील महापौरांनी त्याबद्दल जाहीर क्षमा मागितली. प्रत्येक गाडीची अनुक्रमांकासह टंकलिखित यादी असे. बँकेत असतो, तर एवढ्या नीटनेटक्या कामाबद्दल कारकुनाची पाठ थोपटली असती, हा विचार मनात आला आणि मी यादीवरून नजर काढली.

बराकीसमोरील संग्रहालयात मजल्यामागून मजले एकच भिंत वर चढत जाते. तिच्यावर त्या माणसांची छायाचित्रे आहेत. ज्यांचे छायाचित्र मिळाले नाही, त्यांच्या जागी नुसती करडी आकृती. भाचा खाली वाट पाहत होता. मी तेथे बराच वेळ उभा राहिलो.