ग्रंथांचा स्वामित्वहक्क आणि प्राथमिक शाळा

प्राथमिक शाळेच्या ग्रंथपेटीत पुस्तके थोडी आणि वाचणारी मुले पुष्कळ, ही अडचण जुनीच आहे. अलीकडे शिक्षकाच्या हाती मोबाइल आला, इंटरनेटवरून पुस्तके क्षणार्धात उतरवून घेता येऊ लागली, आणि या अडचणीच्या जोडीला एक शंकाही येऊन बसली. जे समोर दिसते ते घेण्याचा अधिकार शाळेस आहे काय? या शंकेपोटी शिक्षकांचे दोन वर्ग पडलेले दिसतात. काही जण इतके भितात की, शंभर वर्षांपूर्वी दिवंगत झालेल्या कवीची कविताही भित्तिपत्रकात उतरवून घेण्यास कचरतात. तर काही जण नुकतेच प्रसिद्ध झालेले अखंड पुस्तक तालुक्यातील सर्व शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर बेधडक पाठवून देतात. पहिल्या प्रकारात मुलांचे नुकसान होते, दुसऱ्या प्रकारात लेखकाचे. कायदा नेमका काय आहे हे ठाऊक नसल्यामुळे दोन्ही गोष्टी घडतात.

भारतात या विषयाचा मुख्य कायदा १९५७ सालचा असून तो २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. स्वामित्वहक्कास शासकीय मराठीत ‘प्रताधिकार’ असेही म्हणतात. लेखकाने लिहिलेल्या मजकुराच्या प्रती काढणे, त्याचे भाषांतर करणे, तो लोकांपर्यंत पोहोचविणे, हे अधिकार ठरावीक मुदतीपर्यंत लेखकाकडे व त्याच्या पश्चात वारसांकडे राहतात. ही मुदत संपली म्हणजे तो मजकूर सर्व समाजाचा होतो. मुदत मोजण्याची रीत अशी की, लेखकाचे निधन ज्या वर्षी झाले त्याच्या पुढील वर्षाच्या १ जानेवारीपासून साठ वर्षे धरावयाची. हे गणित चौथीतील मूलही सहज करील.

उदाहरणार्थ, साने गुरुजींचे निधन ११ जून १९५० रोजी झाले. गणना १ जानेवारी १९५१ पासून सुरू झाली आणि ३१ डिसेंबर २०१० रोजी साठ वर्षे पूर्ण झाली. अमळनेरच्या शाळेत अध्यापन केलेल्या या शिक्षकाने १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’ १ जानेवारी २०११ पासून सर्वांची झाली आहे. एखाद्या शाळेने त्यातील एक रात्र वेगळी छापून घेतली, मुलांकडून तिचे हस्तलिखित तयार करविले, किंवा कोणा आजींच्या आवाजात ती ध्वनिमुद्रित करून दूरच्या वस्तीवरील मुलांस ऐकविली, तरी आज कोणाचीही अनुमती मागावी लागत नाही.

ही मुक्तता दहा वर्षे आधीच लाभावयाची होती. मूळ कायद्यात मुदत पन्नास वर्षांचीच होती. रवींद्रनाथ टागोरांचे निधन १९४१ साली झाले असल्याने त्यांच्या साहित्यावरील हक्क १९९१ अखेर संपत होता. तो हक्क विश्वभारतीकडे होता. तो संपण्याच्या सुमारास मुदत साठ वर्षांची करण्यात आली आणि १९९२ च्या दुरुस्तीने ती कायम झाली. तथापि एका थोर कवीच्या निमित्ताने केलेला हा बदल देशातील प्रत्येक लेखकास लागू झाला. साने गुरुजींचे साहित्य २००१ च्या आरंभी मुक्त व्हावयाचे, ते २०११ वर गेले. त्या दहा वर्षांत चौथीचे दहा वर्ग प्राथमिक शाळेतून बाहेर पडले. विश्वभारतीची अडचण खरी असेलही. पण तिची किंमत इतक्या दूरवरच्या मुलांनी द्यावी, हे न्याय्य म्हणता येणार नाही.

लेखकाच्या निधनानंतर प्रथमच प्रसिद्ध झालेल्या लेखनाचा हिशेब निराळा असतो. बहिणाबाई चौधरी १९५१ साली वारल्या आणि त्यांची गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. अशा वेळी निधनाचे वर्ष न धरता प्रकाशनाचे वर्ष धरतात. म्हणून त्या संग्रहातील गाणी २०१३ च्या आरंभापासून मुक्त झाली. याउलट कुसुमाग्रजांचे निधन १९९९ साली झाले असल्याने त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कवितांवरील हक्क २०५९ अखेरपर्यंत चालू राहील. आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. जुने पुस्तक मुक्त असले तरी त्याच्या नव्या आवृत्तीतील प्रस्तावना, टीपा व चित्रे यांचे हक्क स्वतंत्र असतात. मूळ मजकूर घ्यावा. चित्रे मुलांकडून काढून घ्यावीत. त्यात शाळेचा लाभच आहे.

मग हक्क चालू असलेली कविता वर्गात शिकवूच नये काय? असे मुळीच नाही. या कायद्याच्या कलम ५२ ने शिक्षकास स्पष्ट सवलत दिली आहे. अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने अथवा विद्यार्थ्याने एखाद्या मजकुराची प्रत काढली, प्रश्नपत्रिकेत उतारा दिला, किंवा उत्तरात तो लिहिला, तर हक्कभंग होत नाही. या सवलतीची मोठी कसोटी दिल्लीत लागली. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील एक दुकानदार अभ्यासक्रमातील उताऱ्यांच्या छायाप्रती बांधून विद्यार्थ्यांस देत असे. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशनसंस्थांनी २०१२ साली त्याच्यावर व विद्यापीठावर दावा लावला. १६ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने तो फेटाळला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात खंडपीठाने प्रश्न अधिक नेमका केला: पाने किती, हे महत्त्वाचे नसून ती अध्यापनासाठी खरोखर आवश्यक होती काय, हे पाहावयाचे. त्या मुद्द्यापुरता दावा पुन्हा चालावयाचा होता. परंतु मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी तो मागे घेतला.

हीच कसोटी खेड्यातील शाळेसही लावता येते. एका पाठासाठी लागणाऱ्या कथेच्या वर्गातील मुलांपुरत्या प्रती काढणे हे अध्यापन होय. तेच पुस्तक अथपासून इतिपर्यंत शेकडो शिक्षकांस पाठविणे यास अध्यापन म्हणता येत नाही. मराठी बालसाहित्याच्या आवृत्त्या मुळातच लहान असतात. तेथे फुकट फिरणारी प्रत लेखकाच्या पदरी पडणारे थोडेही हिरावून घेते.

स्नेहसंमेलनासाठी वेगळी तरतूद आहे. शाळेच्या कार्यक्रमात शिक्षक व विद्यार्थी यांनी नाटिका केली आणि प्रेक्षकांत शिक्षक, विद्यार्थी, पालक व शाळेशी संबंधित मंडळीच असली, तर अनुमती लागत नाही. तिकीट लावून बाहेरच्या लोकांस बोलाविले की ही सवलत उरत नाही. अंध वा अन्य दिव्यांग बालकांसाठी तर २०१२ च्या दुरुस्तीने बरेच मोठे दार उघडले आहे. हक्क चालू असलेले अखंड पुस्तकही अशा मुलासाठी ब्रेलमध्ये उतरविता येते किंवा वाचून ध्वनिमुद्रित करता येते. ज्या शाळेत असे एखादे मूल आहे, तेथील शिक्षकाने ही तरतूद अवश्य उपयोगात आणावी. तिची वार्ता अद्याप फार थोड्यांपर्यंत पोहोचली आहे.

आता इंटरनेटवरील साहित्याविषयी. येथे ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ या दोन शब्दांची गल्लत फार होते. बालभारतीची पाठ्यपुस्तके इंटरनेटवरून विनामूल्य उतरवून घेता येतात, मराठी विश्वकोशही विनामूल्य वाचता येतो. परंतु पैसे पडत नाहीत म्हणून तो मजकूर स्वतःच्या मार्गदर्शिकेत छापून विकण्याची मोकळीक मिळत नाही. मुक्त साहित्य याहून निराळे असते. ते एक तर मुदत संपलेले असते, जसे मराठी विकिस्रोतावर ठेवलेले जुने ग्रंथ. किंवा हक्क असूनही लेखकाने आपण होऊन अनुज्ञा दिलेले असते. अशा अनुज्ञेचे नमुने ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ या संस्थेने २००२ साली तयार केले. विकिपीडियावरील लेख अशाच अनुज्ञेखाली असतात: मजकूर घ्यावा, बदलावा, छापावा, मात्र मूळ कर्त्यांचा निर्देश करावा आणि नवा मजकूरही त्याच अटींवर इतरांस खुला ठेवावा.

प्राथमिक शिक्षकास सर्वांत उपयुक्त असे उदाहरण म्हणजे प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेले ‘स्टोरीवीव्हर’ होय. तेथील सचित्र बालकथा मराठीसह अनेक भाषांत आहेत आणि त्या छापण्याची, इतकेच नव्हे तर भाषांतरित करण्याचीही मोकळीक आहे. मेळघाटातील शिक्षकास एखादी कथा मुलांच्या साह्याने कोरकूत आणता येईल, गडचिरोलीत गोंडीत, सातपुड्यात पावरीत. ज्या मुलांच्या घरच्या बोलीत छापील पुस्तक क्वचितच आढळते, त्यांच्या हाती असे पुस्तक आठवड्याभरात देता येते. मुखपृष्ठाच्या आतील बाजूस मूळ लेखक, चित्रकार व प्रकाशक यांची नावे, अनुज्ञेचा प्रकार आणि भाषांतर करणाऱ्यांची नावे लिहावीत; भाषांतर करणाऱ्यांत मुलांची नावेही यावीत.