आनंदीबाईंची टाचणी कुठे लावायची?

मार्च महिना आला की आमच्या रविवारच्या मराठी शाळेत आनंदीबाई जोशी हटकून येतात. ३१ मार्च हा त्यांचा जन्मदिवस. कुणीतरी आई दोन परिच्छेद लिहून देते, मूल ते पाठ करतं, नऊवारी नेसून म्हणून दाखवतं, टाळ्या होतात आणि सगळे समोसे खायला पळतात. असे परिच्छेद मीही लिहून दिलेत. ‘भारतातली पहिली स्त्री डॉक्टर’ हे त्यातलं ठरलेलं वाक्य.

यंदा ते वाक्य अडलं. माझी लेक सातवीत आहे. तिच्या अमेरिकन शाळेत इतिहास शिकवताना ‘प्रायमरी सोर्स’चा भारी आग्रह. त्या काळचं पत्र, फोटो, नकाशा असं काहीतरी समोर घ्यायचं आणि विचारायचं, हे कुणी लिहिलं, कधी, कशासाठी? लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९९०च्या दशकात ‘अमेरिकन मेमरी’मधून आपले कागद कॉम्प्युटरवर खुले केले, तेव्हापासून शिक्षकांची ही सोय झाली. लेक म्हणाली, “आई, मग आनंदीबाईंचे कागद कुठायत?”

कागद निघाले आमच्या शेजारच्याच राज्यात! ज्या विमेन्स मेडिकल कॉलेजात आनंदीबाई शिकल्या, त्याचं दप्तर आज फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाकडे आहे आणि बरंचसं इंटरनेटवर पाहता येतं. प्रवेशासाठी त्यांनी २८ जून १८८३ला लिहिलेलं पत्र त्यात आहे. ते लिहिलं रोझेल, न्यू जर्सी इथून, थिओडोशिया कार्पेंटरबाईंच्या घरून. रोझेल! पार्कवेवरून किराणा आणायला जाताना ती पाटी मी शेकडो वेळा पाहिली असेन.

मग आम्ही मुलांना लॅपटॉपवर जगाचा नकाशा उघडून दिला. नियम एकच, टाचणी लावायची तर कागद दाखवायचा. कागद असेल तिथे लाल रेघ, नसेल तिथे राखाडी.

पहिल्याच दिवशी एका बाबांनी मोठ्या उत्साहाने एलिस आयलंडवर टाचणी लावली. त्यांच्याच मुलाने ती काढली. एलिस आयलंड उघडलं १८९२ साली. आनंदीबाई ७ एप्रिल १८८३ला कलकत्त्याहून निघून ४ जूनला न्यूयॉर्कला पोचल्या. अठ्ठावन्न दिवस! आपण चौदा-पंधरा तासांच्या विमानप्रवासाबद्दल किती कुरकुरतो. मुलांनी कलकत्ता ते न्यूयॉर्क सरळ रेघ मारली होती, ती चीनवरून गेली. मग सुएझ कालवा (१८६९) काढून दाखवावा लागला. माझ्या मते भूगोलाचा तेवढा एक तास वर्षभराला पुरला.

फिलाडेल्फियात अधिक मजा आली. तिथले जुने नकाशे आजच्या शहरावर पारदर्शक करून ठेवता येतात. १८९५च्या ब्रॉमलेच्या नकाशात मुलांनी नॉर्थ कॉलेज अव्हेन्यू शोधला, मग हळूहळू जुना नकाशा पुसट करत आजचे रस्ते वर आणले. एक मुलगी ते दहा वेळा मागेपुढे करत बसली. १० ऑक्टोबर १८८५चा तो प्रसिद्ध फोटोही घेतला. त्यात आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि दमास्कसच्या साबात इस्लामबुली आपापल्या देशाच्या वेषात बसल्या आहेत. तीन टाचण्या, तीन रेघा, तिन्ही एकाच रस्त्यावर येऊन थांबलेल्या.

अर्जाचं पत्र मोठ्या मुलांनी वाचलं. अठरा वर्षांची मुलगी अनोळखी माणसाला परक्या भाषेत लिहिते, की तुमच्या सगळ्या अटी कदाचित मी पुऱ्या करणार नाही, पण आमच्याकडच्या बायका पुरुष डॉक्टरच्या हाती जाण्यापेक्षा मरण पत्करतात, म्हणून मला शिकायचंय. एरवी सतत वळवळणारा एक मुलगा म्हणाला, “शी इज लाइक माय सिस्टर्स एज!” पुढच्याच वर्षी त्याच्या ताईला कॉलेजचे अर्ज भरायचेत.

इथवर सगळं गोड होतं. मग नकाशावर कल्याण आलं, आणि लग्नाचं वर्ष. नऊ वर्षांची नवरी. चौदाव्या वर्षी झालेलं बाळ दहा दिवसांत गेलं. वर्गातली नऊ वर्षांची मुलगी माझ्याकडे नुसतीच बघत राहिली. मागून एक आई म्हणाली, “अगं, त्या काळी असंच असायचं.” ते उत्तर कुणालाच पटलं नाही, बहुधा तिलाही नाही. गोपाळरावांनी शिकवलं, झटून अमेरिकेला पाठवलं, हे आम्ही नेहमी सांगतो. त्यांनी लहानपणी मारलं, हे आनंदीबाईंनीच नंतर त्यांना लिहिलेल्या पत्रात आहे. ते पत्र मुलांना दाखवावं का, यावर पालकांची दीड तास खडाजंगी झाली. शेवटी मोठ्या मुलांना दाखवलं. पत्र काढणारी मी होते, तरी वाचून दाखवताना माझाच आवाज लागेना.

‘पहिली’वरूनही भांडण झालंच. कादंबिनी गांगुली कलकत्त्यात त्याच वर्षी, १८८६मध्ये डॉक्टर झाल्या, हे एका मुलाने शोधून आणलं. पुण्याहून आलेले एक आजोबा चिडले, “आमच्या आनंदीबाई पहिल्याच!” मुलगा शांतपणे म्हणाला, “आजोबा, पेपर दाखवा.” मुलांनी फळ्यावर लिहिलं, ‘अमेरिकेत डॉक्टर झालेली पहिली भारतीय स्त्री’. आजोबा घरी जाईपर्यंत बोलले नाहीत.

मे महिन्यात आम्ही चार कुटुंबं पकिप्सीला गेलो. आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात गेल्या, बाविसाव्या वर्षाच्या आत. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवली गेली आणि तिथल्या दफनभूमीत कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत ठेवली गेली. शिक्षणासाठी भारताबाहेर पडलेली पहिली ब्राह्मण स्त्री, अशा अर्थाचा मजकूर दगडावर आहे. लेकीने विचारलं, “हे कुणी लिहिलं? ती स्वतः असं म्हणाली होती? आणि ब्राह्मण हे का लिहिलंय?” तिच्या बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी दगडाकडे. परतीच्या दोन तासांत त्या एका शब्दावर आम्ही बोललो. घरात इतक्या वर्षांत कधी बोललो नव्हतो.

रात्री तिने पकिप्सीची टाचणी लावली. मग पुण्याहून तिथवर रेघ ओढायला घेतली आणि थांबली. रक्षा कुठल्या बोटीने आली, कुणी स्वाधीन केली, याचा कागद काही आमच्या हाती आला नव्हता. ती रेघ अजून राखाडीच आहे.