हप्ते आपले, वाढावा कोणाचा?

विमा घ्यावा की नाही यावर आपल्यात दोन मते आहेत. ज्याने त्याने जाणकार आलिमांना विचारून आपला निर्णय घ्यावा. तो वाद आज आम्हाला काढायचा नाही. आम्ही बोलणार आहोत ते अशा घरांबद्दल, जिथे लोखंडी कपाटात रेशनकार्ड आणि निकाहनाम्याशेजारी एलआयसीची पॉलिसी ठेवलेली आहे. शिक्षकांच्या, एसटीतल्या, नगरपालिकेतल्या नोकरदारांच्या घरी ती बहुधा असतेच. हप्ता पगारातून परस्पर कापला जातो आणि वर्षानुवर्षे तो कागद कोणी उघडून पाहत नाही. आज जरा उघडून पाहा. पॉलिसी नफ्यासह आहे की नफ्याविना, हे त्यावर लिहिलेले असते. पुढचे सगळे या एका शब्दाभोवती आहे.

नफ्यासह पॉलिसीचा हप्ता हिशेबाने लागतो त्यापेक्षा मुद्दाम थोडा जास्त आकारलेला असतो. किती मृत्यू होतील, खर्च किती येईल, गुंतवणुकीवर किती मिळेल, याचा अंदाज सावधपणे बांधला जातो. प्रत्यक्षात परिस्थिती अंदाजापेक्षा बरी निघाली की निधीत पैसा उरतो. त्याला वाढावा म्हणतात आणि दरवर्षी जाहीर होणारा बोनस त्यातूनच येतो. म्हणजे बोनस हे काही बक्षीस नव्हे. जादा घेतलेल्या हप्त्याचाच तो परत येणारा भाग आहे, त्यावर झालेल्या कमाईसह.

तकाफुलची ज्यांना माहिती आहे त्यांना हे ओळखीचे वाटेल. तिथेही सभासदांची वर्गणी एका निधीत जमते, व्यवस्थापक आपला मेहनताना घेतो आणि दावे भागवून उरलेले मूळ कल्पनेप्रमाणे सभासदांचे असते. मलेशियाने १९८४ मध्ये त्यासाठी वेगळा कायदा केला. व्याजाचा प्रश्न आपल्या जागी राहतोच. पण उरलेला पैसा कोणाचा, या एका बाबतीत एलआयसीची जुनी रचना त्या कल्पनेच्या बरीच जवळ होती.

ती रचना झाली कशी? १९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी रेडिओवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. १५४ भारतीय कंपन्या, १६ परदेशी कंपन्या आणि ७५ प्रॉव्हिडंट सोसायट्या, अशा २४५ संस्था सरकारने ताब्यात घेतल्या. काही मालकांनी विमेदारांचा पैसा आपल्या इतर धंद्यांत वापरला होता, हे त्यामागचे एक मोठे कारण. (१ सप्टेंबरला महामंडळ सुरू झाले तेव्हा देशमुख मंत्रिमंडळात नव्हते. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी राजीनामा दिला होता.) जुन्या कंपन्यांच्या भागधारकांना त्या कायद्याने भरपाई मिळाली, हे लक्षात ठेवा. पुढे ते लागणार आहे.

सरकारने महामंडळात भांडवल घातले ते ५ कोटी रुपये. २०११ च्या दुरुस्तीने ते १०० कोटी झाले. बाकीचा सगळा डोंगर हप्त्यांनी उभा केला. वाढाव्याची वाटणीही तशीच होती : ९५ टक्के विमेदारांना आणि ५ टक्के सरकारला. शिवाय कायद्याच्या ३७ व्या कलमाने बोनससह विम्याच्या रकमेला केंद्र सरकारची हमी आहे. ५ टक्के ही त्या हमीची आणि देखरेखीची किंमत आहे, असे कोणी म्हटले तर आमची हरकत नाही.

२०२१ मध्ये हे गणित बदलले. त्या वर्षीच्या वित्त विधेयकात एलआयसी कायद्याच्या दुरुस्त्या घालण्यात आल्या. अर्थसंकल्पाबरोबर येणारे हे विधेयक धनविधेयक असते आणि धनविधेयक राज्यसभा अडवू शकत नाही. पूर्वी सगळ्या पॉलिसींचा पैसा एकाच निधीत असे. आता त्याचे दोन भाग झाले. नफ्याविना पॉलिसींच्या निधीतला पूर्ण वाढावा भागधारकांचा, आणि भागधारक म्हणजे तेव्हा फक्त सरकार. नफ्यासह पॉलिसींच्या निधीतला भागधारकांचा वाटा ५ टक्क्यांवरून आधी साडेसात आणि २०२४-२५ पासून १० टक्के.

आपल्या बाजूने पाहिले तर ९५ चे ९० झाले. समोरच्या बाजूने पाहिले तर ५ चे १०, म्हणजे दुप्पट.

त्याचा परिणाम एका आकड्यात दिसला. विमा कंपनी भागधारकाच्या दृष्टीने किती मोलाची आहे हे सांगणारे एक माप असते. कंपनीची स्वतःची शिल्लक आणि हातातल्या पॉलिसींवर पुढे भागधारकांना मिळणारा नफा, यांची ती आजची किंमत. ३१ मार्च २०२१ रोजी एलआयसीचे हे मूल्य ९५,६०५ कोटी रुपये होते. सहा महिन्यांनी, ३० सप्टेंबरला, ते ५,३९,६८६ कोटी झाले. सहा महिन्यांत एवढे हप्ते आले नव्हते की एवढी गुंतवणूकही फळली नव्हती. ही वाढ मुख्यतः वाटणी बदलल्याने झाली. शाळेत मुलांना आम्ही शिकवतो की बेरजेत एका बाजूला वाढले की दुसरीकडे कुठे कमी झाले ते शोधावे. इथे शोधायला फार लांब जावे लागत नाही.

मे २०२२ मध्ये सरकारने आपल्याकडचे साडेतीन टक्के शेअर विकले. सुमारे २०,५५७ कोटी रुपये आले आणि ते सगळे सरकारी तिजोरीत गेले, कारण ती सरकारच्या शेअरची विक्री होती. विमेदारांसाठी दहा टक्क्यांपर्यंत राखीव जागा आणि शेअरमागे ६० रुपये सूट होती. पण त्यासाठी पॉलिसीला पॅन जोडलेला हवा आणि विमेदाराच्या नावाचे डीमॅट खाते हवे. ज्या गृहिणीच्या नावावर नवऱ्याने मनी-बॅक पॉलिसी काढून दिली, तिने डीमॅट हा शब्द तरी ऐकला होता का? ज्यांनी धावपळ करून अर्ज भरले त्यांना शेअर ९४९ ऐवजी ८८९ रुपयांना पडला. १७ मे रोजी मुंबई शेअर बाजारात त्याची सुरुवात ८६७ रुपये २० पैशांनी झाली. आपल्याच निधीचा भाग पैसे मोजून विकत घ्यायचा, तोही पहिल्याच दिवशी तोट्यात! १९५६ मध्ये भागधारकांना भरपाई होती. २०२१ मध्ये विमेदारांसाठी भरपाईचे कलम नव्हते.

सरकारची बाजूही सांगायला हवी. खासगी विमा कंपन्यांत ९०:१० ही वाटणी आधीपासून आहे. जाहीर झालेला बोनस आणि विम्याची मूळ रक्कम यांतला एक रुपयाही कापलेला नाही, आणि सरकारी हमी कायम आहे. हे सगळे खरे आहे. पण खासगी कंपनीत भागधारकाने आपला पैसा घालून धोका पत्करलेला असतो आणि विमेदाराला पहिल्या दिवसापासून वाटणी ठाऊक असते. ज्याने १९९८ मध्ये पंचवीस वर्षांची पॉलिसी घेतली त्याने ९५ टक्क्यांचा कायदा बघून हप्ते भरले. अमानत ठेवून घेणाऱ्याने, ठेवणाऱ्याला न विचारता, अर्ध्या वाटेत अटी बदलाव्यात हे आम्हाला पटत नाही.

काही विमेदार न्यायालयात गेले. मद्रास आणि मुंबई उच्च न्यायालयांत दिलासा मिळाला नाही, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. धनविधेयकाच्या मार्गाने हे करता येते का, आणि वाढाव्यावरचा विमेदारांचा हक्क ही मालमत्ता आहे का, हे त्यातले मुद्दे. १२ मे २०२२ रोजी न्यायालयाने नोटीस काढली, पण विक्री थांबवायला नकार दिला. पाच दिवसांनी शेअर बाजारात आले.

याच महामंडळाच्या बाबतीत एकदा उलटा निकालही लागला आहे. जानेवारी १९७४ च्या करारानुसार तिसऱ्या आणि चौथ्या श्रेणीच्या कर्मचाऱ्यांना १५ टक्के बोनस ठरला होता. आणीबाणीत, मे १९७६ मध्ये, संसदेने कायदा करून तो रद्द केला. २१ फेब्रुवारी १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने मदन मोहन पाठक खटल्यात सांगितले की, मिळायचा बोनस ही कर्मचाऱ्यांची मालमत्ता आहे; भरपाई न देता ती काढून घेता येणार नाही. त्यानंतर ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला गेला. आता तो कलम ३००-अ मध्ये साधा घटनात्मक हक्क म्हणून उरला आहे. शिवाय कर्मचाऱ्यांची युनियन होती. हप्ता भरणारी कोट्यवधी माणसे एकमेकांना ओळखतही नाहीत.

आणखी एक वाट आहे आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. मुदत संपलेल्या किंवा विमेदार मरण पावलेल्या पॉलिसीची रक्कम दहा वर्षे कोणी मागितली नाही, तर विमा कंपनीला ती केंद्र सरकारच्या ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जमा करावी लागते. २०१५ च्या वित्त कायद्याने हे आले. ज्येष्ठांचे कल्याण व्हावे, पण एखाद्या विधवेच्या हक्काच्या रकमेतून नको. अब्बांनी पॉलिसी काढली होती हे मुलांना ठाऊक नसते, आईला कागद वाचता येत नाही, वारस म्हणून लिहिलेली आजी कधीच गेलेली असते. अशी घरे आपल्या मोहल्ल्यात शोधावी लागत नाहीत.

निधीत गेलेली रक्कमही परत मागता येते. त्यासाठी २५ वर्षांची मुदत आहे आणि मागणी त्याच विमा कंपनीकडे करायची असते. ती मुदत उलटली की रक्कम सरकारची होते. एक हजारांवरच्या बेवारस रकमा शोधायची सोय प्रत्येक विमा कंपनीला आपल्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. तिथे विमेदाराचे नाव, जन्मतारीख, असल्यास पॉलिसी क्रमांक आणि पॅन भरायचा. पॉलिसी क्रमांक सापडत नसेल तर जुन्या पगारपत्रकातली कपात आणि बँक पासबुकातल्या नोंदी तपासा. दाव्याला मृत्यूचा दाखला, ओळखपत्र, बँक खात्याचा तपशील लागतो, आणि वारसाचे नाव नोंदलेले नसेल तर वारस दाखलाही. जिवंत विमेदाराने वारसाचे नाव बदलायचे असेल तर शाखेत साधा अर्ज पुरतो. लग्नाआधी काढलेल्या पॉलिसींवर अजून आईवडिलांचीच नावे असतात, ती आधी पाहावीत.