देणारा हात का अडखळतो?

यवतमाळच्या दुर्गोत्सवाची वर्गणी मागायला चौकातली मुले दारात आली की आम्ही फारसे आढेवेढे घेत नाही. थोडी घासाघीस होते, पाचशेचे तीनशे होतात, पण पावती फाडली जाते. त्याच आठवड्यात एखाद्या अनाथालयाचा किंवा शेतकरी साहाय्य निधीचा मनुष्य आला, तर मात्र आमचे पाकीट खिशातच राहते. 'पुढच्या महिन्यात या,' असे आम्ही म्हणतो आणि तोही काय ते समजतो. देणारा आणि न देणारा मनुष्य येथे एकच आहे; तेव्हा नुसत्या कंजूषपणावर बोट ठेवून हा प्रश्न सुटत नाही.

वर्गणीचे काय झाले ते डोळ्यांना दिसते. मूर्ती दिसते, मंडप दिसतो. खजिनदार मागच्याच गल्लीत राहतो आणि त्याच्या हिशेबाविषयीच्या शंका पानठेल्यावर उभे राहून बोलता येतात. संस्थेला दिलेला पैसा उंबरठ्याबाहेर पडला की नजरेआड होतो. पावती मिळते, मग वर्षभर शुकशुकाट. पुढचे पत्र येते ते पुन्हा मागणीचे!

आपल्या जिल्ह्यात याला आणखी एक कारण आहे. महागाव तालुक्यातील चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने 1986 साली बायकामुलांसह जीवन संपविले. त्यानंतर अशा बातम्यांची सवय व्हावी इतक्या त्या आल्या. 2006 साली पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपयांची योजना जाहीर केली, तीत यवतमाळ होता. 2015 मध्ये नाना पाटेकर व मकरंद अनासपुरे यांनी 'नाम' संस्था काढली. आणखीही पुष्कळ हात पुढे आले. तरी बातम्या थांबल्या नाहीत. साहजिकच मनात येते, जेथे कोट्यवधी पुरले नाहीत तेथे आमच्या पाचशेने काय होणार?

हा विचार केवळ आपलाच नव्हे. अमेरिकेतील तीन संशोधकांनी 2007 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रश्नावली भरून दिल्याबद्दल लोकांना 5 डॉलर दिले आणि त्यांतून मदत मागितली. आफ्रिकेतील मालीच्या रोकिया नावाच्या एका मुलीची हकीकत वाचणाऱ्यांनी सरासरी 2 डॉलर 38 सेंट दिले. लाखो भुकेल्यांचे आकडे वाचणाऱ्यांनी 1 डॉलर 14 सेंट. मुलगी आणि आकडे दोन्ही ज्यांच्यापुढे ठेवले, त्यांनी 1 डॉलर 43 सेंट दिले. म्हणजे आकडा जोडताच मुलीच्या वाट्याचे कमी झाले. आमच्या मते आपल्या मदतनिधीच्या पत्रकांनी हे लक्षात घ्यावयास हवे. ती बहुधा आकड्यांनीच सुरू होतात.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगे महाराजांनी पंढरपूर, देहू, आळंदी, नाशिक येथे धर्मशाळा उभारल्या त्या लोकांच्या पैशावर. ते गावात येत ते हातात खराटा घेऊनच. आधी गाव झाडत, मग कीर्तनाला उभे राहत. अंगावर चिंध्या, हातात गाडगे. या माणसाने आपला पैसा स्वतःसाठी ठेवला असेल, अशी शंका घ्यायला जागाच नव्हती.

पण प्रत्येक संस्थेला गाडगे महाराज कोठून मिळणार? म्हणून कायदा आहे. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे संस्थेची नोंद लागते आणि हिशेब ठेवावे लागतात. आपण मात्र ते मागत नाही. मागावे तर संकोच, आणि न मागता संशय धरणे सोपे, नकाराला सोयीचेही. शिवाय आपली आणखी एक विचित्र अपेक्षा असते, की दिलेला रुपयान् रुपया गरिबापर्यंत पोहोचावा, कचेरीवर छदाम खर्च होऊ नये. मुलीची फी चौथ्या वर्षी भरली की नाही, हे पाहायला खेड्यात कोणीतरी जावे लागते, आणि त्याला एस. टी. चे तिकीट काढावे लागते.

गेल्या वर्षी दारात आलेल्या अशाच एका गृहस्थाला आम्ही धीर करून हिशेब मागितला. त्याने पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. आमची नजर नेमकी 'वेतन' या ओळीवर गेली आणि भुवई वर चढली. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, त्यात माझाही पगार आहे. हा कागद मीच लिहितो." आम्ही त्याला आत बसवले, चहा सांगितला आणि कागद पुन्हा वरपासून वाचायला घेतला.